मराठवाड्याचे विद्यापीठ आणि संलग्नतेचे अर्थकारण

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंनी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन केले. या घटनेस आता साडेसहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. वर्धापनदिनाच्या भाषणांतून विद्यापीठाच्या विस्ताराचे आकडे आपण दर वर्षी ऐकतो. महाविद्यालये किती होती व किती झाली, विद्यार्थी किती होते व किती झाले, अभ्यासक्रमांत कोणती भर पडली, हे आकडे बहुधा खरेच असतात. परंतु वाढ आणि विकास हे दोन निरनिराळे शब्द आहेत, एवढे तरी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवावे लागते. प्रस्तुत लेखकाने ते एका तालुक्याच्या गावी तेहतीस वर्षे शिकविले. ज्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात ते शिकविले, त्या विद्यापीठालाच हा भेद लावून पाहण्याची वेळ आता आली आहे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ हवे होते, ते का, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते आधुनिक हिंदुस्थानातील पहिले मोठे विद्यापीठ होय. विज्ञान, वैद्यक, कायदा, इतिहास या विषयांवरील ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतर विभाग काढण्यात आला. आधी पुस्तके, मग वर्ग, हा त्यांचा क्रम होता आणि तो शास्त्रशुद्ध होता. आपण पुढे मराठीच्या बाबतीत नेमका उलटा क्रम धरला. वर्ग आधी भरविले आणि पुस्तके शोधीत बसलो. निजामी राजवटीविषयी आपल्या मनात कितीही कटुता असली, तरी या एका गोष्टीचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा उर्दू नव्हती. ती तेलुगू होती, मराठी होती, कानडी होती. परभणी किंवा बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शाळेच्या पायरीवरच एक परकी भाषा आडवी येई आणि ती ओलांडून कोणी पुढे गेलाच, तर पदवीसाठी त्याला हैदराबाद गाठावे लागे. औरंगाबादला १९२३ साली इंटरमिजिएट कॉलेज निघाले. त्याच्या नावातच त्याची मर्यादा सांगितलेली होती.

या परिस्थितीत मराठवाड्यातील शिक्षण आणि स्वातंत्र्याची चळवळ ही एकाच झाडाची खोडे बनली. औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा यांतून शिक्षक आणि सत्याग्रही एकाच वेळी घडत होते. स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात आले ते हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शिक्षकाच्या खुर्चीवरून उठूनच. १९३८ साली वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने त्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांना प्रवेश दिला तो नागपूर विद्यापीठाने. आपल्या मुलांना शिक्षणासाठी परक्या प्रांताचा आश्रय शोधावा लागतो, ही गोष्ट मराठवाड्याच्या मनात खोल रुतून बसली. विद्यापीठाच्या मागणीचे मूळ तेथे आहे. ती पदव्यांची भूक नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५० साली दोन महाविद्यालये निघाली. नांदेडला स्वामीजींच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज, तर औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढल्यानंतर बाबासाहेबांनी दुसरे मोठे केंद्र म्हणून औरंगाबादची निवड केली, यात त्यांची दूरदृष्टी दिसते. ज्या प्रदेशात सवर्णांच्याच मुलांना कॉलेज दुर्मिळ होते, तेथे अस्पृश्यांच्या मुलांसाठी, आणि त्यांच्याबरोबर सर्वांसाठी, त्यांनी नागसेनवनाचा परिसर उभा करावयास घेतला. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीसांसारखी माणसे तेथे आली. विद्यापीठ जन्मण्यापूर्वी आठ वर्षे, विद्यापीठाने जे करावे ते मिलिंदमध्ये चालू झाले होते. खेड्यातून आलेल्या मुलाला वसतिगृह, ग्रंथालय आणि स्वतःविषयीचा विश्वास या तीन गोष्टी एकाच आवारात तेथे मिळत. पुढे ‘अस्मितादर्श’ आणि त्याभोवतीचे दलित साहित्य याच मातीतून वर आले, हा योगायोग नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राज्य बदलले, पण महाविद्यालये अद्याप हैदराबादच्या उस्मानियाशीच जोडलेली. हा विचित्र प्रकार फार दिवस चालणे शक्य नव्हते. १९५७ साली न्यायमूर्ती पळणिटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तिने विद्यापीठाची शिफारस केली आणि वर्षभरात कायदाही झाला. शासनाने इतक्या वेगाने केलेली कामे मराठवाड्याच्या वाट्याला त्यानंतर फारशी आली नाहीत. पहिले कुलगुरू म्हणून एस. आर. डोंगरकेरी आले. मुंबई विद्यापीठाच्या कारभारात त्यांनी आयुष्य घालविले होते आणि त्या विद्यापीठाच्या शंभर वर्षांचा इतिहासही लिहिला होता. औरंगाबादच्या उत्तरेस, डोंगरातील बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी, ७०० एकरांहून अधिक जागा मिळाली. पाच जिल्ह्यांचे हे विद्यापीठ होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद.

डोंगरकेरींबरोबर मुंबईचा अनुभव आला आणि मुंबईचा साचाही आला. येथे थोडे थांबून पाहावयास हवे, कारण आजच्या दुखण्याचे मूळ या साच्यात आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने शिकवावयाचे नाही. महाविद्यालयांना संलग्न करून घ्यावयाचे, अभ्यासक्रम आखावयाचा, परीक्षा घ्यावयाच्या आणि पदव्या द्यावयाच्या. लंडनने हा नमुना अपुरा आहे असे ओळखून १९०० साली स्वतःची पुनर्घटना केली आणि अध्यापनाची जबाबदारी पत्करली. आपल्याकडेही पुढे पदव्युत्तर विभाग निघाले, नाही असे नाही. परंतु संलग्नतेचा सांगाडा तसाच राहिला. राधाकृष्णन आयोगाने त्याचे दोष दाखविले, कोठारी आयोगानेही दाखविले. दोष दाखवून झाल्यावर अहवाल कपाटात गेले आणि नवी महाविद्यालये संलग्न होत राहिली.

का होत राहिली? याचे उत्तर नेहमी राजकारणात शोधले जाते. पुढाऱ्याला आपल्या मतदारसंघात कॉलेज हवे असते, म्हणून ते निघते, असे म्हटले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात आहे आणि ते वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

विद्यापीठाला राज्य शासन मुख्यत्वे मंजूर पदांवर नेमलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचे वेतन देते. त्यापलीकडचा खर्च, म्हणजे इमारतींची देखभाल, ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा यंत्रणा, कंत्राटी माणसांचा पगार, हा विद्यापीठाने पुष्कळ अंशी स्वतःच्या उत्पन्नातून भागवावयाचा असतो. हे उत्पन्न येते कोठून? परीक्षा शुल्क, पात्रता शुल्क, गुणपत्रकाचे व पदवी प्रमाणपत्राचे शुल्क, महाविद्यालयांकडून येणारे संलग्नता शुल्क. अर्थात ते येते प्रामुख्याने पदवीपूर्व विद्यार्थ्यांकडून. म्हणजे भूम किंवा आष्टी तालुक्यातला बी.ए.चा विद्यार्थी, ज्याने विद्यापीठाचे ग्रंथालय कधी पाहिलेले नाही आणि बहुधा पाहणारही नाही, तो आपल्या परीक्षा अर्जाच्या पैशातून विद्यापीठाच्या आवारातील पदव्युत्तर शिक्षणाचा भार उचलत असतो. अर्थशास्त्रात याला अंतर्गत अनुदान म्हणतात. सामान्यतः श्रीमंत ग्राहकाकडून घेऊन गरीब ग्राहकाला देणे, असा त्याचा अर्थ असतो. येथे दिशा उलटी आहे.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. ज्या संस्थेचे उत्पन्न परीक्षार्थींच्या संख्येवर अवलंबून आहे, तिला परीक्षार्थींची संख्या कमी होऊन चालत नाही. निकृष्ट महाविद्यालयाची संलग्नता काढून घेणे हे विद्यापीठाचे कर्तव्य खरे, पण तसे करणे म्हणजे स्वतःच्या तिजोरीला भोक पाडणे. कोणता कारभारी ते करील? स्थानिक चौकशी समित्या येतात. इमारत, ग्रंथालय, प्राचार्य यांची पाहणी होते. त्रुटींची यादी तयार होते आणि त्रुटींची पूर्तता करण्याच्या अटीवर संलग्नता पुढे चालू राहते. अशा समित्यांवर काम करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावरही आला. एका ठिकाणी ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत पुस्तके होती, मांडणीवर नव्हती. आम्ही तसे लिहिले. पुढच्या वर्षी गेलेल्या समितीनेही तसेच लिहिले. जेवणाची व्यवस्था मात्र दोन्ही वेळा उत्तम होती, असे त्या समितीतील एका मित्राने सांगितले.

आणि ज्या वर्षी पाऊस पडत नाही, त्या वर्षी काय होते? शासन दुष्काळ जाहीर करते आणि दुष्काळी गावांतील विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ करण्याची घोषणा होते. घोषणा योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्याने आधी पैसे भरावयाचे आणि परतावा पुढे कधी तरी यावयाचा, असे व्यवहारात अनेकदा घडते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, विलंब शुल्क लागू नये म्हणून, शेळी विकून पैसे घेऊन आलेला बाप प्रस्तुत लेखकाने महाविद्यालयाच्या कार्यालयापुढे पाहिला आहे. माफीचा परतावा आला तेव्हा ती मुलगी पदवी घेऊन सासरी गेलेली होती.

आता नामांतराकडे येणे भाग आहे. विद्यापीठाचा इतिहास लिहावयाचा आणि १९७८ हे साल वगळावयाचे, हे सभ्यपणाचे लक्षण समजले जाते. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. त्याची कारणे खाजगीही आहेत.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. शेकडो दलित कुटुंबांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचे नाव आजही घेतले जाते. ज्यांनी घरे जाळली त्यांतील बहुतेकांनी विद्यापीठ पाहिलेलेही नव्हते. मेलेली ढोरे ओढण्याचे काम दलितांनी सोडले होते, गायरान जमिनी कसावयास घेतल्या होत्या, मुलगा कॉलेजात जाऊ लागला होता. हा राग गावात साठलेला होता. विद्यापीठाचे नाव हे त्याला सापडलेले निमित्त होते. शहरातला राग निराळा होता. तेथे भांडण होते ते मूठभर नोकऱ्यांचे. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १९७४ साली, मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रोजगारासाठी, रुंदमापी रेल्वेसाठी रस्त्यावर आले होते. त्याहीपूर्वी परभणीच्या कृषी विद्यापीठासाठी आले होते आणि १९७२ साली ते विद्यापीठ मिळालेही होते. ती मागणी न्याय्य होती. परंतु विकास आंदोलनाने मागितलेल्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत तेव्हा तोच तरुण, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या आपल्या वर्गबंधूकडे वाटेकरी म्हणून पाहू लागला. साधनसंपत्ती वाढत नसेल तर वाटणीचे भांडण होते आणि ते भांडण नेहमी आपल्या खालच्याशी होते, वरच्याशी होत नाही.

प्रस्तुत लेखक त्या वेळी पदवीच्या वर्गात होता. ‘मराठवाडा’ हे नाव रझाकारांशी लढून मिळविलेले आहे, ते जाऊ देणार नाही, असे म्हणत निघालेल्या एका मोर्चात तोही चालला. मोर्चा शांततेने पार पडला, कोणाला दगड लागला नाही, असे स्वतःचे समाधान त्याने पुढे बरीच वर्षे करून घेतले. वर्गात शेजारच्या बाकावर बसणारा मित्र त्यानंतर दोन महिने आला नाही. आला तेव्हा त्याने कसलाच विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही. आमच्या जिल्ह्यातल्या ज्येष्ठांपैकी अनेक जण, ज्यांनी मुक्तिसंग्रामात तुरुंग सोसला होता, ते नामांतराच्या विरोधात उभे होते आणि त्यांच्या त्यागामुळे आमच्या चुकीला वजन आले. एस. एम. जोशी मात्र नामांतराच्या बाजूने ठाम राहिले आणि त्याबद्दल मराठवाड्यात त्यांना अपमान सोसावा लागला. समाजवादी चळवळ त्या प्रश्नावर एकमुखी नव्हती, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावयास नको. हा हिशेब आपण मोकळेपणाने कधी मांडला नाही.

पुढे लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले, नांदेडला १९९३ साली गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. दोन्ही नावे राहिली. हे सोळा वर्षांपूर्वी का सुचले नाही, असा प्रश्न विचारण्यात आता अर्थ नाही. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे हिंगोली तिकडे गेले. औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद इकडे राहिले.

नामविस्तार होईपर्यंत विद्यापीठाच्या आत काय चालले होते? काही चांगले चालले होते, ते आधी सांगितले पाहिजे. मराठी विभागात डॉ. यू. म. पठाण संतसाहित्य शिकवीत होते, गंगाधर पानतावणे होते, इंग्रजी विभागात काही वर्षे भालचंद्र नेमाडे होते. एका मुसलमान विद्वानाकडून ज्ञानेश्वरी समजून घ्यावी, दुसऱ्या दालनात दलित साहित्याची चर्चा ऐकावी, असे वातावरण त्या डोंगराच्या पायथ्याशी होते. खेड्यातून आलेल्या मुलाला ते मिळावे यासाठीच विद्यापीठ असते.

परंतु १९८३ साली राज्यात दुसरेच युग सुरू झाले. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. परराज्यांत, मुख्यतः कर्नाटकात, देणग्या भरून जाणारा पैसा महाराष्ट्रातच राहावा, असा युक्तिवाद केला गेला. पैसा राहिला, तो कोणाच्या घरी राहिला हे सर्वांना दिसले आणि मराठी भाषेला ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मिळाला. व्यावसायिक शिक्षणापुरते म्हणून आलेले हे तत्त्व कला, वाणिज्य, विज्ञानाच्या महाविद्यालयांपर्यंत झिरपले आणि २००१ साली ‘कायम विनाअनुदान’ असे धोरणच ठरले. शासनाने नव्या महाविद्यालयाला परवानगी द्यावयाची, परंतु त्याच्या शिक्षकाला पगार कधीही द्यावयाचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ. महाविद्यालये थांबली का? मुळीच नाहीत. खर्च नसलेली मान्यता वाटण्यास कोणत्या मंत्र्याला संकोच वाटेल? शासनाला मते, संस्थाचालकाला संस्था, विद्यापीठाला शुल्क. या व्यवहारात सगळ्यांना काही ना काही मिळाले. शिकविणाऱ्याला तेवढे मिळाले नाही.

आज एकट्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी चारशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. त्यांतील वर्गांवर जाऊन पाहावे. नेट-सेट उत्तीर्ण झालेला, पीएच.डी. मिळविलेला तरुण घड्याळी तासाच्या हिशेबाने शिकवितो. सोमवार-मंगळवार एका गावी, बुधवार-गुरुवार दुसऱ्या गावी; मधला प्रवास एस.टी.ने स्वतःच्या खर्चाने. सुट्टीचा पगार नाही, आजारपणाचा नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही याची शाश्वती नाही. प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थ्याने वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हे सोडून खताचे दुकान घातले. त्याला किमान मजुरीचा सिद्धान्त आम्हीच शिकविला होता. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची स्थिती याहून फार निराळी नाही. मंजूर पदांचा मोठा भाग वर्षानुवर्षे रिक्त ठेवून त्यांचे काम कंत्राटी माणसांकडून करून घेतले जाते. पद रिक्त राहिले की शासनाचा पगार वाचतो आणि कंत्राटी माणसाचा मोबदला विद्यापीठाच्या निधीतून द्यावा लागतो. अर्थात तोही शेवटी त्या बी.ए.च्या मुलाच्या परीक्षा शुल्कातूनच.

मराठवाड्याच्या मागासलेपणाचे मोजमाप यापूर्वी झालेले आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रुपये असल्याचे दाखविले. ते काम मोलाचे होते. परंतु राज्याच्या सरासरीपर्यंत पोहोचण्यास किती सोयी कमी पडतात, असे ते गणित होते. उच्च शिक्षणाच्या बाबतीत असे गणित फसवे ठरते. महाविद्यालयांच्या संख्येने पाहिले तर आपण आता मागे नाही आहोत, असेही कोणी सिद्ध करील. ज्या महाविद्यालयात कायम शिक्षक नाही, ते महाविद्यालय कोणत्या रकान्यात धरावयाचे? घटनेच्या ३७१ व्या कलमाखाली १९९४ साली स्थापन झालेली विकास मंडळे हा प्रश्न विचारू शकली असती. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

या पार्श्वभूमीवर आज दोन गोष्टी समोर आहेत. पहिली, धाराशिवच्या उपकेंद्राचे स्वतंत्र विद्यापीठ करावे ही मागणी. २००४ साली हे उपकेंद्र निघाले. त्याच वर्षी शेजारी सोलापूरला एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ झाले, तेव्हा आम्हांलाच का नको, असे धाराशिवकरांना वाटणे स्वाभाविक आहे. परांडा-उमरग्याच्या विद्यार्थ्याला एका शिक्क्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, खेपा घालाव्या लागतात, हेही खरे. प्रस्तुत लेखकाचा या मागणीला तत्त्वतः विरोध नाही. परंतु संलग्नतेच्या उत्पन्नावर उभे असलेले विद्यापीठ तोडले, तर दोन्ही तुकड्यांचे उत्पन्न घटते आणि कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, वित्त अधिकारी यांची कार्यालये मात्र दुप्पट होतात. नव्या विद्यापीठाला मग उत्पन्नासाठी नवी महाविद्यालये संलग्न करून घ्यावी लागतात. शासनाने कायम शिक्षकांची पदे आणि दहा वर्षांचे निश्चित अनुदान आधी मंजूर केले, तरच धाराशिवला विद्यापीठ मिळेल. नाहीतर एक परीक्षा मंडळ मिळेल.

दुसरी गोष्ट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची. संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावी, महाविद्यालयांनी स्वायत्त होऊन स्वतः पदव्या द्याव्यात किंवा विद्यापीठात विलीन व्हावे, असे त्यात म्हटले आहे. संलग्नतेवर एवढी टीका केल्यावर या धोरणाचे स्वागत करावयास हवे, असे वाचकांना वाटेल. पण रोग ओळखला म्हणून औषध बरोबर ठरत नाही. शहरातील सधन संस्था स्वायत्त होतील, शुल्क वाढवतील आणि भरभराटतील. संभाजीनगरात खाजगी विद्यापीठ निघालेलेच आहे. तालुक्याच्या महाविद्यालयाचे काय? तासिका तत्त्वावरच्या चार शिक्षकांच्या बळावर ते कसली पदवी देणार? ते बंद पडले, तर बारा किलोमीटरवरून एस.टी.च्या मासिक पासावर येणाऱ्या मुलीचे शिक्षण बारावीला संपेल. शेवटच्या काही वर्षांत आमच्या बी.ए.च्या वर्गात मुलांपेक्षा मुलीच अधिक असत. ते महाविद्यालय वाईट आहे हे त्यांनाही ठाऊक होते. पण ते गावाजवळ होते.

म्हणून संलग्नता तोडण्यापूर्वी तिच्या उत्पन्नाला पर्याय द्यावा लागेल आणि तो राज्याच्या तिजोरीतूनच यावा लागेल. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. नव्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा छापला आहे. रिक्त पदे भरण्याचे वर्षवार वेळापत्रक, तालुक्यातील महाविद्यालयांसाठी कायम विनाअनुदान रद्द करून किमान कायम शिक्षकवर्ग, आणि पदव्युत्तर विभागांचा संपूर्ण खर्च परीक्षा शुल्कापासून वेगळा काढणे, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी विद्यापीठाला नकोशा महाविद्यालयाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद येईल. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने अधिसभेतील निवडून आलेल्या माणसांचा आवाज बारीक केला असला, तरी अंदाजपत्रक अजूनही अधिसभेपुढे येते. तेथे पदव्यांच्या भाषेबद्दल आणि पुतळ्यांच्या जागेबद्दल तासन् तास चर्चा होते. परीक्षा निधीच्या पानाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही.

आपल्या पक्षाचे जे कार्यकर्ते शिक्षकांच्या, पदवीधरांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या संघटनांत काम करतात, त्यांनी मराठवाड्यातील दोन्ही विद्यापीठांची गेल्या दहा वर्षांची अंदाजपत्रके मागवावीत. परीक्षा व संलग्नता शुल्कातून आलेली रक्कम, शासनाकडून आलेले वेतन अनुदान आणि रिक्त पदांची संख्या, हे तीन स्तंभ शेजारी शेजारी मांडून या पानावर प्रसिद्ध करावेत. धाराशिवविषयीचा निर्णय होण्यापूर्वी हे झाले तर बरे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करण्यास लागणारे शुल्क दहा रुपये आहे आणि आलेले ताळेबंद वाचून देण्यास प्रस्तुत लेखकाजवळ आता भरपूर वेळ आहे.